हरला तर गाव द्या

माझ्या मालकीची पुष्कळ गावं होती. पारोळा माझं होतं, किल्ल्यासकट. धरणगाव मी गल्लीतल्या शेठजींकडून जिंकलं आणि पुढच्याच आठवड्यात हरून त्यांनाच परत दिलं. चोपड्यावर माझा बरेच दिवस डोळा होता, पण ते शेवटपर्यंत हाती लागलं नाही. सातबारा कशाचाच नव्हता. जळगावात आमचं एक बसकं घर आहे, पुढे हातभर अंगण, आणि पाणी ज्या दिवशी येईल त्या दिवशी आलं.

सगळा प्रकार या पाण्यामुळेच सुरू झाला. नळ येण्याची वेळ आमच्या गल्लीत कुणालाच नक्की सांगता येत नाही. "आज येणार का?" हा आमच्याकडचा रोजचा सगळ्यात अवघड प्रश्न. त्यामुळे संध्याकाळी जो तो पाइप जोडून आपापल्या ओट्यावर बसलेला. बसल्या बसल्या माणूस काय करणार? आधी महापालिकेचा उद्धार व्हायचा, मग चौपदरी रस्त्याचा, मग भुसावळचं ऊन जास्त की आमचं, यावर भांडण. ते सगळं संपलं की कोडी.

आमच्या कोड्यांना एक नियम होता. तो आणला समोरच्या नानांनी, त्यांच्या रावेरकडच्या गावातून. ज्याला उत्तर येणार नाही, त्यानं हार मानायची आणि कोडं घालणाऱ्याला एक गाव द्यायचं. उत्तर बरोबर आलं, तर कोडं घालणारा हरला, त्यानं गाव द्यायचं. गावाचं नाव मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायचं. जिंकणाऱ्यानं नुसती मान हलवून ते घ्यायचं.

नाना एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊनही त्यांचा आवाज काही रिटायर झाला नव्हता. घरात चहा मागितला तरी शेवटच्या सीटवरच्या माणसाला तिकीट विचारल्यासारखा. त्यांची बायको, आमच्या अक्का, या खेळात कधीच बसल्या नाहीत. "मले गावं घेऊन काय करायचे? या एका घराचा झाडू होत नाही," म्हणायच्या आणि आत जायच्या. आत जाऊन खिडकीतून सगळं ऐकायच्या, हे आम्हाला ठाऊक होतं.

तिसरे आमचे शेठजी. त्यांचे पणजोबा कधीतरी राजस्थानातून आले, कोपऱ्यावर किराण्याचं दुकान थाटलं आणि इथलेच होऊन गेले. आणि मी. मी धुळ्याची. लग्न होऊन जळगावात आले त्याला आता जमाना झाला, पण धुळ्याच्या बाजूनं भांडायला मी कधीही तयार असते. त्यासाठी कारण लागत नाही.

एकदा मी कोडं घातलं. जळगावहून एक एसटी धुळ्याला निघाली, धुळ्याहून दुसरी जळगावला निघाली. धुळ्याची गाडी जास्त जोरात पळते. वाटेत दोघी समोरासमोर आल्या, तर त्या क्षणी जळगावपासून जास्त लांब कोणती?

शेठजी लगेच म्हणाले, "धुळ्याची. ती लांबून आली ना!"

नाना म्हणाले, "कोडंच चुकेल हाये. धुळ्याची गाडी टायमावर सुटतच नाही."

"समजा सुटली, नाना."

"समजा काब्रं? मी जिंदगी काढली त्या स्टँडवर. अन् एरंडोलले चहाले थांबतीन का नाही, ते सांग पहिले. ड्रायव्हर कोन हाये?"

असं ते अर्धा तास चाललं. ड्रायव्हर कोण, रस्त्याचं काम कुठवर आलं, पाळधीजवळ वळण कसं आहे. शेवटी मी सांगितलं की समोरासमोर आल्या म्हणजे दोघी एकाच जागी आहेत, मग जळगावपासून दोघींचं अंतर सारखंच. नाना मग म्हणाले, "घे एरंडोल. पन स्टँड माह्यंच राहीन." गाव देताना स्टँड स्वतःकडे ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या होळीनंतर नानांना अर्धांगवायूचा झटका आला.

सकाळी दाढी करता करता हातातला ब्रश खाली पडला, एवढंच. शेठजींनी आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं. वेळेवर नेलं म्हणून माणूस वाचला, पुढे व्यायामानं उजवा पायही बराच सुधारला, काठी घेऊन चालू लागले. पण बोलणं गेलं. डॉक्टरांनी अक्कांना नीट समजावून सांगितलं होतं की यांना सगळं कळतं, डोक्यात शब्द आहेत, फक्त हवा तो शब्द वेळेला सापडत नाही. रोज बोलायला लावा, म्हणाले. आता सुरुवातीचे महिने महत्त्वाचे, गप्प बसायची सवय लागू देऊ नका.

नानांकडे एकच शब्द उरला होता, "हाव." चहा घेणार का? हाव. नको का? हाव. भरीत आवडलं? हाव. त्यातलं हो कुठलं आणि नाही कुठलं, ते डोळ्यांवरून ओळखायचं. बोलायला शिकवणाऱ्या बाई येत, त्या चित्रांची कार्डं दाखवत. कंगवा, कप, पोपट. भरलेल्या गाडीत पुढून मागे सरकत सगळ्या प्रवाशांना धाकात ठेवलेला माणूस तो. त्याला कुणी पोपट दाखवून विचारतंय, हे काय आहे? नानांनी पोपट उलटा करून पलंगावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. मला त्या बाईंचा राग आला आणि नानांचाही आला. मला अशा वेळी राग कुणाचा आला, हे कधीच धड कळत नाही.

त्यांची मुलगी सुरतला असते. चांगली आहे, जीव लावणारी आहे. तिचं म्हणणं साधं होतं की आईनं एकटीनं किती करायचं? दोघांनी सुरतला यावं. दिवाळीपर्यंत इथं बोलण्यात फरक पडला तर ठीक, नाहीतर भाऊबीज झाली की ती त्यांना घेऊन जाणार, असं ठरलं. त्यात चुकीचं काहीच नव्हतं.

एकदा मी अक्कांबरोबर मेथी निवडायला बसले होते. अक्का मग म्हणाल्या, "तिथी सारे चांगले हायेत वं बाई. पोरगी, जवाई, शेजारपाजार, सारे. पन तिथी याहिले कोनी बोलताना आयकेलच नाही. तिथले लोकं मुका मानूस म्हनूनच वयखतीन."

मी मेथीची काडी हातात धरून बसले.  आमच्या गल्लीत नाना न बोलता बसले तरी प्रत्येकाच्या कानात त्यांचा आवाज होता. सुरतेत तो कुणाच्या कानात असणार? अक्कांना माणूस जायची भीती नव्हती. माणूस समोर असताना तो कोण होता हे कुणालाच माहीत नसण्याची भीती होती. त्या दिवसापासून मलाही तीच लागली.

मग आम्ही गल्लीनं मिळून ठरवलं की नानांना रोज संध्याकाळी ओट्यावर आणायचं आणि कोड्यांत घ्यायचं. अक्कांनी खुर्ची बाहेर काढली. आम्ही सगळ्यांनी डोकं चालवून सोपी कोडी शोधली, ज्यांचं उत्तर बोटानं दाखवता येईल अशी. शेठजी म्हणायचे, "भिंतीवर बसतो, हात हलवतो, पण कुणाला बोलावत नाही." नाना उघड्या दारातून आतल्या घड्याळाकडे बोट करायचे. की आम्ही एकदम, "वा नाना! बरोबर! घ्या धरणगाव!" मी म्हणायचे, "आयुष्यात एकदाच बाळंत होते, पिलं शेजारी उभी असतात आणि तिलाच आडवी करतात." शेठजींच्या दुकानासमोर केळीची गाडी उभी असायची, नाना तिकडे हात करायचे. "घ्या नाना, पारोळा तुमचं! किल्ल्यासकट!"

असं करता करता श्रावण गेला, गणपती गेले. आमची सगळी गावं नानांकडे गेली. तापीच्या अलीकडचा आणि पलीकडचा अख्खा मुलूख त्यांच्या नावावर झाला. इतक्या गावांचा मालक झालेला माणूस आणि तोंडात शब्द एकच.

नवरात्रात एका संध्याकाळी शेठजींनी कोडं घातलं, "दोन भाऊ शेजारी राहतात, एकमेकांना बघत नाहीत." तिसरीतल्या पोराला यावं असं. नानांनी डोळ्यांकडे बोट नेलंच नाही. त्यांनी शेठजींकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. काठी घेतली, उठले, आत गेले आणि जाळीचं दार ओढून घेतलं. "घ्या नाना, यावल..." असं काहीतरी शेठजींच्या तोंडात तसंच राहिलं.

त्यानंतर खुर्ची रिकामी. अक्का रोज बाहेर ठेवायच्या आणि दिवेलागणीला आत न्यायच्या.

मी शेठजींवर जाळ काढला. "इतकं सोपं कोण विचारतं? ते काय बालवाडीत आहेत?" शेठजीही चिडले. "मग काय भाभी, आजारी माणसाला हरवायचं? पाप नाही लागणार?"  खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. आजारी माणसाला हरवू नये, इतकं सरळ होतं ते. आणि इतक्या सरळ गोष्टीत चुकलं कुठे, ते आम्हा कुणालाच दिसत नव्हतं.

दिवाळी आली. मुलगी आली. फराळाची ताटं गल्लीत फिरली, पण नानांच्या घरून आलेल्या ताटातली शेव मला गिळवेना. भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं होतं, बॅगा भरून हॉलमध्ये ठेवलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या.

त्या संध्याकाळी नळ आले. अख्खी गल्ली पाइप घेऊन बाहेर. मोटारींचा आवाज, पोरांची ओरड. तेवढ्यात समोरचं जाळीचं दार उघडलं आणि अक्का नानांना हाताला धरून घेऊन आल्या. नानांना यायचं नव्हतं, ते त्यांच्या पावलांवरून दिसत होतं. मुलगी मागून खुर्ची घेऊन आली. अक्कांनी त्यांना बसवलं. स्वतः मात्र उभ्याच राहिल्या. हाताला कळण्याच्या भाकरीचं पीठ तसंच होतं.

"आज माह्यं कोडं हाये," अक्का म्हणाल्या.

आम्ही बघतच राहिलो. इतक्या वर्षांत अक्कांनी कोडं घातलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

"टाकलं तं दिसत नाही. नाही टाकलं तं साऱ्या घराले कयते. सांगा."

नानांना ते लगेच आलं. त्यांनी डाव्या हाताची चिमूट केली आणि ती हवेत सोडली. शेठजी उडालेच, "मीठ! बरोबर! नाना जिंकले! अक्का, द्या गाव!" आणि आम्ही सवयीनं टाळ्या वाजवल्या.

अक्का शेठजींकडे वळल्या. "तुम्हाले इचारलं का?" मग नानांकडे बघून म्हणाल्या, "हातानं नाही चालत. तोंडानं सांगा. नाही तं हार माना."

"हाव," नाना म्हणाले.

"काय हाव?"

"हाव, हाव." त्यांचं तोंड लाल व्हायला लागलं. ओठ हलत होते, पण त्या शब्दापर्यंत काही ते पोचत नव्हते.

"मंग हारले तुम्ही. गाव द्या."

माझा ताबा सुटला. चिडले की माझ्या तोंडून धुळ्याकडची बोलीच निघते. "अक्का, ऱ्हाऊ द्या ना! काब्रं तरास दी ऱ्हायनात त्यास्ले?"

अक्का माझ्याकडे वळल्या. डोळे भरलेले होते, पण आवाज करडा होता. "बाई, हारनाऱ्यालेच बोलनं पडते. जिकनाऱ्याले काय, नुसती मान हालवा. तुम्ही सारे याहिले रोज जिकवता. मंग हे बोलतीन कधी?"

माझ्या हातातला पाइप खाली गेला. आमचाच खेळ, आमचाच नियम, आणि आम्ही इतके महिने दयेपोटी त्या माणसाच्या वाट्याला फक्त मान हलवणं ठेवलं होतं. गाव देण्याचा मान आम्ही स्वतःकडे घेतला होता. नाना उठून आत गेले ते रागानं नव्हे तर कंटाळून असतील, आणि त्यांना ते सांगायलाही शब्द नव्हता.

"गाव द्या," अक्का पुन्हा म्हणाल्या. आता हळू.

 कुणाची तरी टाकी भरून वाहत होती, बंद करायला कुणी उठलं नाही. नाना अक्कांकडे रागानं बघत होते. मग त्यांनी डाव्या हाताचं बोट दुमडलं आणि खुर्चीच्या लोखंडी दांडीवर दोनदा आपटलं. टण्, टण्.

आधी मला कळलं नाही. मग कळलं. एसटीत कंडक्टर दोरी ओढून दोन घंट्या देतो, म्हणजे गाडी चालू द्या. एक दिली, म्हणजे थांबा.

"जळगाव," नाना म्हणाले.

जाड, ओला, फाटका आवाज. पण त्यांचाच. 

"ममु... ममुराबाद." थांबले. घाम आला होता. "विदगाव." मग बराच वेळ काही नाही. तापीच्या पुलावर गाडी बंद पडली असावी, असे सगळे बसून राहिलो. शेठजींच्या ओठांवर पुढचं नाव आलं होतं, मी त्यांचा हात गच्च धरला. पुढचं नाव आम्ही सांगायचं नव्हतं, हे आता मला पक्कं कळलं होतं.

"धानोरा," नाना म्हणाले.

चोपड्याचा रस्ता होता तो. एकटं एक गाव त्यांना उच्चारता येत नव्हतं. त्या गावाला पोचायला त्यांना स्टँडवरून निघून प्रत्येक थांबा घेत जावं लागत होतं. मला वाटलं, आता अडावद, मग चोपडा. चोपडा देणार अक्कांना. पण नानांनी बोट दुमडलं आणि दांडीवर एकदाच आपटलं. टण्.

"फाटा," ते म्हणाले. आणि अक्कांकडे बघून हात पुढे केला, प्रवाशाला उतरा म्हणतात तसा.

आम्हाला कुणालाच काही समजलं नाही. कुठला फाटा? तिथं गाव कुठे आहे? अक्का मात्र मटकन ओट्यावर बसल्या. पिठाचे हात तसेच तोंडाला लावले.

मग त्यांनीच सांगितलं. धानोरा आणि अडावदच्या मध्ये एक फाटा आहे, तिथून आत चालत गेलं की त्यांचं माहेर. तिथं थांबा नव्हता, गाडी सरळ पुढे जायची आणि माणसं उलटी चालत यायची. नवीन लग्न झालेलं, अक्का पेटी घेऊन माहेरी निघालेल्या, गाडीवर नाना. त्या फाट्यावर त्यांनी घंटी दिली. ड्रायव्हरनं आईमाई काढली, पण गाडी थांबली. पुढे अक्का जेव्हा जेव्हा त्या गाडीनं गेल्या, तेव्हा तेव्हा थांबली.

"माह्यंच माहेर मलेच देता का हो?" अक्का म्हणाल्या. हसत होत्या की रडत होत्या, सांगता येणार नाही. चेहऱ्याला सगळं पीठ लागलेलं. नानांनी जिंकल्यासारखी मान हलवली, हरलेले असूनही.

त्यांची मुलगी इतका वेळ दारात उभी होती. ती येऊन वडिलांच्या खुर्चीजवळ खाली बसली. तिनं डोळे पुसले नाहीत. म्हणाली, "बाबा, आता सुरतची गाडी सोडा. धुळे, साक्री, नवापूर. मी सांगत जाते, तुम्ही घंटी द्या."

आम्ही सगळे नानांच्या हाताकडे बघत होतो. हात खुर्चीच्या दांडीवर होता, बोट अजून दुमडलेलंच. नानांनी मुलीकडे बघितलं, खूप मायेनं बघितलं. मग बोट सरळ केलं, हात उचलला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. घंटी दिली नाही.

होळीपासून इतके महिने त्यांच्या राहण्या-जाण्याबद्दल आम्ही सगळे बोललो होतो. मुलगी बोलली, अक्का बोलल्या, शेठजी बोलले, मी तर फारच बोलले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मुलगी तशीच बसून राहिली, डोक्यावर तो हात घेऊन. मग उठली आणि आत गेली. थोड्या वेळानं आतून बॅगांच्या चेनी उघडल्याचा आवाज आला, एकामागून एक, आणि कपाटाचं दार करकरलं.

अक्कांनी पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू काब्रं रडी राह्यली वं? तुह्यं काय गाव गेलं का?"